ताकूबाचे वय ठरवताना शिक्का सर्वांत शेवटी का बघावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे सासरे १९७८ ते १९८४ या काळात नायजेरियातल्या कानो शहरात कापडगिरणीत नोकरीला होते. १९८१ साली तिथल्या बाजारातून त्यांनी एक सरळ, दुधारी तलवार आणली. विकणाऱ्याने ती 'तुआरेगांची', म्हणजे सहारातल्या भटक्या तुआरेग लोकांची, म्हणून दिली. आता ती तुमच्याकडे आली आहे, आणि जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने पात्यावरच्या दोन चंद्रकोरी पाहून 'सोळाव्या शतकातली, स्पेनची' असा निकाल दिला आहे. तो मानायचा का, आणि नाही तर वय काढायचे कसे?

मानू नका. मात्र तलवार खोटी आहे असाही अर्थ काढू नका. तुमचे फोटो आणि व्हर्नियरने (जाडी मोजायच्या सरकत्या मापपट्टीने) घेतलेली मापे नीट पाहिली. (मापे घेतलीत याबद्दल मनापासून आभार. बहुतेक जण भिंतीवर टांगलेल्या तलवारीचा एक लांबून काढलेला फोटो पाठवतात आणि किंमत विचारतात.) मला या एका वस्तूत निदान चार तारखा दिसतात: पात्याची एक, शिक्क्याची वेगळी, मुठीच्या सांगाड्याची तिसरी आणि वरच्या चामड्याची चौथी. ताकूबाच्या, म्हणजे तुआरेगांच्या या सरळ तलवारीच्या, बाबतीत हे नेहमीचेच आहे.

आधी माझी जागा सांगतो. मी गेली अठ्ठावीस वर्षे धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम करतो. हातून गेलेल्या तलवारींत बहुतेक दख्खनी, ताकूबा जेमतेम पंधरा. पण दख्खनी तलवारींनीच मला ताकूबा वाचायला शिकवले. आपल्याकडची फिरंग आठवा. पाते युरोपातले, पोर्तुगीज आणि इतर गलबतांतून किनाऱ्यावर उतरलेले, आणि मूठ इथल्या कारागिराची, इथल्या हाताच्या सवयीची. नावच पात्यावरून पडले. सहाराच्या दक्षिण काठावर तोच व्यवहार उंटांवरून झाला, एवढाच फरक.

फिरंगीनेच मला पहिला दणका दिला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घराण्यातली फिरंग तपासायला आली. पात्यावर छिन्नीच्या चार-पाच रेघांनी काढलेला धावता लांडगा होता. हा शिक्का मूळचा जर्मनीतल्या पासाऊचा, पुढे सोलिंगेनच्या लोहारांनी उचललेला. मी बेधडक 'सतरावे शतक, जर्मन' असे लिहून दिले. दोन वर्षांनी मूठ हलते म्हणून तीच तलवार परत आली. लाख गरम करून मूठ उतरवली, तर मुठीखाली झाकलेल्या भागात रोमन लिपीत 'सोलिंगेन' असा नीटनेटका छाप होता. पाते उघड उघड एकोणिसाव्या शतकातले, आणि लांडगा नंतर कोणीतरी हौसेने कोरलेला. तेव्हापासून मी शिक्का सर्वांत शेवटी बघतो.

आता ताकूबाकडे येऊ. अहग्गार आणि आईर हे सहारातले डोंगराळ प्रदेश, माली आणि नायजरच्या पट्ट्यातले तुआरेग ही तलवार खांद्यावरून टाकलेल्या दोरीला म्यानासकट लटकवतात. एकूण लांबी साधारण एक मीटर, टोक बहुधा गोलसर, कारण वार कापण्याचा, भोसकण्याचा नाही. मूठ क्रूसासारखी: आडवी, पेटीसारखी जाड पट्टी, मध्ये हात धरायची जागा आणि वर गोल माथा. हे सगळे घडवतो एनाद, म्हणजे तुआरेग समाजातला लोहार-सोनार. या जातीचे अनेकवचनी नाव इनादान. चामड्याचे काम त्यांच्या बायका करतात. उच्चकुलीन तुआरेग उघड्या लोखंडाला हात लावायला नाखूश असतो, म्हणून मुठीचे लोखंड चामड्याने, पितळेने किंवा चांदीने मढवलेले असते. वय काढणाऱ्यासाठी हा मुद्दा फार कामाचा आहे. मढवणी झिजते, फाटते, दर पिढीला बदलली जाते. तुम्ही हाताने चाचपता तो तलवारीचा सर्वांत तरुण थर असतो.

पाती कुठून आली, याचे दोन भरवशाचे साक्षीदार आहेत. ब्रिटिश प्रवासी ह्यू क्लॅपर्टन १८२४ साली कानोत होता. तिथली तलवारीची पाती माल्टाहून बेनगाझीमार्गे वाळवंट ओलांडून येतात आणि कानोत त्यांना मुठी बसवतात, असे त्याने नोंदवले. पुढे १८५१ मध्ये जर्मन प्रवासी हाइनरिश बार्थ त्याच शहरात पोचला. त्याने सोलिंगेनची पाती मोठ्या संख्येने येताना पाहिली. कानोत मूठ चढवून ती फुलानी, कानुरी आणि तुआरेग गिऱ्हाइकांना विकली जात. म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी जिथे तलवार घेतली, तेच शहर निदान दीडशे वर्षे पात्यांना मुठी बसवत होते. 'तुआरेगांची' हे विकणाऱ्याचे लेबल त्यामुळे थोडे सैल धरा. कानोकडच्या हौसा भाषेतही या तलवारीला ताकोबी म्हणतात, आणि दक्षिणेकडच्या मुठींचा माथा अनेकदा जास्त रुंद, तबकडीसारखा असतो. तुमच्या फोटोतला माथा लहान, घुमटाकार आणि थरांचा आहे. म्हणून तुआरेग हे नाव मला मान्य आहे.

हा व्यापार संपला कधी, हेही महत्त्वाचे. वाळवंटी व्यापाराचे उत्तरेकडचे बंदर त्रिपोली, त्यावर १९११ साली इटलीने हल्ला केला. त्याच सुमारास, १९११-१२ मध्ये, लागोसहून निघालेली रेल्वे कानोला पोचली आणि कानोच्या मालाने समुद्राकडे तोंड फिरवले. वाळवंटातून येणारे युरोपी पाते त्यानंतर दुर्मीळ होत गेले. म्हणून पाते खरोखर युरोपी ठरले, तर ते या वर्षांच्या आधी आले असण्याची शक्यता बरीच जास्त.

मग 'खरोखर युरोपी' कसे ठरवायचे? बोट आणि व्हर्नियर. पात्याच्या मधोमध लांबीच्या दिशेने काढलेल्या खोलगट पन्हळींवरून नख फिरवा. सोलिंगेनमध्ये पन्हळी पाणचक्कीवर फिरणाऱ्या मोठ्या दगडावर घासून काढत. त्यांच्या कडा सरळ, खोली एकसारखी आणि दोन्ही बाजूंच्या पन्हळी एकमेकींशी जुळणाऱ्या असतात. सहाराच्या लोहाराने हाताने काढलेल्या पन्हळी किंचित वळतात, एखादी दुसरीपेक्षा आधीच संपते, आणि तळाशी छिन्नीचे किंवा कानशीचे आडवे ओरखडे दिसतात. हे वैगुण्य मानू नका. काही स्थानिक पाती झकास आहेत आणि त्यांना त्यांचे स्वतःचे मोल आहे.

दुसरे माप जाडीचे. मुठीपाशी, मध्यावर आणि टोकापासून चार बोटे अलीकडे, अशा तीन ठिकाणी जाडी घ्या. चांगले पाते टोकाकडे पातळ होत जाते. तुमचे ४.८, ३.६ आणि २.१ मिलिमीटर असे उतरते आहे आणि दोन्ही पृष्ठभागांवर उतार सारखा आहे. आता हे विसाव्या शतकातल्या ताकूबाशी ताडून बघा. ऊसतोडीचा कोयता ट्रकच्या पाट्याचा असतो हे आपल्याला सांगायला नको. नायजरमधल्या अगादेझ शहरातल्या लोहारालाही तेच सुचले. पाट्यातून कापलेले पाते मुळापासून टोकापर्यंत जवळजवळ एकाच जाडीचे राहते, हातात जड लागते आणि पन्हळी नुसत्या रेघा ओढल्यासारख्या उथळ असतात. अशा पात्याला खालची मर्यादाही आपोआप मिळते. मोटारीने सहारा पहिल्यांदा पार झाला तो डिसेंबर १९२२ ते जानेवारी १९२३ मध्ये, सित्रोएनच्या पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्यांनी. मोडक्या ट्रकचे पाटे वाळवंटात सहज मिळू लागले ते त्याच्याही बरेच नंतर.

पोलादाचे वय तपासायचे असेल तर हातातल्या एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरण टाकून धातूतली मूलद्रव्ये ओळखणाऱ्या) थोडे कळते. मात्र हे यंत्र कार्बन मोजत नाही, त्यामुळे 'पोलाद चांगले आहे का' याचे उत्तर त्याच्याकडून मागू नका. मँगनीज, क्रोमियम आणि सिलिकॉन बघा. क्रोमियम ठळक निघाले किंवा सिलिकॉन-मँगनीज दोन्ही चढे निघाले, तर मोटारीचा पाटा डोळ्यांसमोर आणा. मँगनीज बऱ्यापैकी आणि बाकी काही नाही, असे असेल तर बेसेमरच्या १८५६ च्या शोधानंतर कारखान्यांत ओतलेले पोलाद असण्याचा संभव मोठा. मँगनीज जवळजवळ नाहीच आणि भिंगाखाली धातूत मळीचे (भट्टीत लोखंडाबरोबर राहिलेल्या कचऱ्याचे) लांबट धागे दिसत असतील, तर लोखंड जुन्या पद्धतीचे. पण जुनी पद्धत युरोपातही होती आणि हौसा प्रदेशातल्या मातीच्या भट्ट्यांतही होती. तेव्हा मळीवरून पद्धत कळते, देश कळत नाही. इथे पुन्हा पन्हळींकडे परतावे लागते.

झीज वाचणे हा माझा आवडता भाग. दोनदोन पिढ्या धार लावलेले पाते टोकाकडे निमुळते होते, रुंदी कमी होते, आणि टोक मोडून परत गोल केलेले असते. टोक कमी केले आहे हे कळते पन्हळीवरून: पन्हळ आणि टोक यांच्यात अंतर उरलेलेच नसेल, तर पाते पुढून आखूड झाले आहे. मुळाशीही असेच पाहा. मुठीत जाणारी मूळ शेपटी तुटली की लोहार पात्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या लावून रिव्हेट ठोकतो आणि मूठ त्या पट्ट्यांवर उभी करतो. तुमच्या तलवारीला अशा पट्ट्या आहेत, तीन रिव्हेट आहेत, आणि एका पन्हळीची सुरुवात पट्टीखाली गेली आहे. याचा अर्थ पाते या मुठीसाठी घडवलेले नाही. ते आधी दुसऱ्या मुठीत जगले, मोडले, आणि दुसरा जन्म घेऊन इथे आले.

आता चंद्रकोरी. चेहरा असलेल्या चंद्राचा शिक्का युरोपातल्या अनेक पातेवाल्यांनी वापरला. तो चांगल्या पात्याची खूण म्हणून वाळवंटात रुजला, आणि मग सगळ्यांनीच तो मारायला सुरुवात केली. सोलिंगेनवाल्यांनी गिऱ्हाइकाला आवडतो म्हणून मारला, स्थानिक लोहारांनी गिऱ्हाईक मागते म्हणून. 'आंद्रेआ फेरारा' या नावाचेही तेच झाले. मूळ कारागीर सोळाव्या शतकात इटलीतल्या बेलुनोचा, पण त्याचे नाव जर्मन पात्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. आपल्याकडच्या बाजारात एखाद्या शहराचे नाव साडीच्या पोताला चिकटते आणि साडी दुसरीकडेच विणली जाते, तसेच हे. शिक्क्यावरून एवढेच कळते की मारणाऱ्याला कोणता माल चांगला वाटत होता.

तुमच्या चंद्रकोरींना चेहरा नाही. त्यांच्या कडा अजून धारदार आहेत, उलट शेजारच्या पन्हळींच्या कडा गुळगुळीत झिजल्या आहेत. दोन्ही गोष्टी एका दिवशी झालेल्या नाहीत. डावी चंद्रकोर तर पन्हळीच्या झिजलेल्या काठावर अर्धी चढली आहे. शिक्का पात्यापेक्षा बराच तरुण आहे, आणि व्यापाऱ्याने नेमक्या त्याच्यावर सोळावे शतक उभे केले.

एखाद्या पात्यावर कंपनीचे पूर्ण नाव किंवा 'मेड इन जर्मनी' असे शब्द सापडले तर मात्र शिक्का कामाला येतो. जर्मनीत व्यापारचिन्हांचा कायदा १८७४ चा, आणि 'मेड इन जर्मनी' हा मजकूर ब्रिटिशांच्या १८८७ च्या कायद्यामुळे आला. फ्रेंच लष्करी पाती आणखी सोपी, कारण क्लिंगेन्थालच्या कारखान्यात पाठीवर महिना आणि साल कोरायची पद्धत होती. तेही पाते बनल्याचे साल आहे, ताकूबा बनल्याचे नाही, हे ध्यानात असू द्या.

मुठीकडे वळू. मुठींच्या घडणीवरून तारीख सांगणे अवघड आहे, कारण इनादान जुनी घडण सोडत नाहीत. आधार मिळतो तो संग्रहालयांतल्या नोंदींचा. फ्रेंचांची फूरो-लामी मोहीम १८९८ ते १९०० मध्ये आईरमधून चाडकडे गेली. १९०२ मध्ये तित येथे अहग्गारचे तुआरेग फ्रेंचांकडून हरले. फ्रेंचांविरुद्ध उठलेल्या काओसेन या तुआरेग पुढाऱ्याने डिसेंबर १९१६ ते मार्च १९१७ अगादेझला वेढा घातला. अशा प्रसंगांतून युरोपात गेलेल्या आणि ठराविक साली दाखल झालेल्या तलवारींच्या मुठी त्या सालाआधीच्या आहेत, एवढे निश्चित असते. अशा नोंदलेल्या तलवारींचे जितके फोटो जमवाल, तितका तुमचा डोळा तयार होईल.

बाकी साक्ष धातूंची. पितळेतले जस्ताचे प्रमाण बोलके असते. जुन्या पद्धतीने, तांबे जस्ताच्या खनिजाबरोबर तापवून केलेल्या पितळेत जस्त साधारण ३० टक्क्यांच्या वर जात नाही. ३५ टक्के निघाले तर पत्रा आधुनिक. नेमके ७०-३० निघाले तर काडतुसाची पुंगळी असू शकते, आणि पितळी काडतुसे १८७० च्या दशकापासून सर्वत्र पसरली. अॅल्युमिनियम दिसले तर विसावे शतक, वाद नाही. चांदी मात्र फसवते, कारण ती बहुधा नाणी वितळवून घेतलेली असते. मारिया थेरेसा थालर या ऑस्ट्रियाच्या चांदीच्या नाण्यावर तर १७८० हेच साल असते. महाराणी त्या वर्षी वारली आणि पुढे टांकसाळी त्याच सालाची नाणी पाडत राहिल्या. म्यानाच्या लोलकात असे नाणे पाहून तलवार १७८० ची ठरवणारा एक गृहस्थ मला भेटला होता. मी चहा पिऊन निघून आलो.

चामड्यासाठी अतिनील प्रकाशाची टॉर्च पुरेशी आहे. अंधारात शिवणीवर धरा. निळसर पांढरा चकाकणारा दोरा म्हणजे नायलॉन किंवा चमक आणणारी रसायने घातलेले सूत, दोन्ही दुसऱ्या महायुद्धानंतरचे. तुमच्या म्यानाची शिवण चकाकते. मुठीवर तर शिवणीशेजारी जुन्या टाक्यांची रिकामी भोके आहेत, म्हणजे आधीचे चामडे उसवून नवे चढवले. का, तेही समजते. १९६८ ते १९७४ च्या दुष्काळात तुआरेगांचे कळप मेले, आणि घरातल्या पिढीजात वस्तू धान्यासाठी बाजारात आल्या. कानो आणि अगादेझच्या व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, लाल-हिरव्या चामड्याने सजवल्या आणि परदेशी गिऱ्हाइकांना विकल्या. गिरणीतले भारतीय इंजिनिअरही त्यांत होतेच.

तेव्हा माझा अंदाज असा. पाते युरोपी, बहुधा सोलिंगेनचे, एकोणिसाव्या शतकातले, आणि त्रिपोलीच्या वाटेने आलेले. तीन अरुंद, सरळ पन्हळी, उतरती जाडी आणि जुळणाऱ्या बाजू एवढ्यासाठी पुरेशा आहेत. ते वापरले गेले, शेपटी मोडली, पट्ट्या लागल्या, आणि त्याच दुरुस्तीच्या वेळी किंवा नंतर चंद्रकोरी ठोकल्या गेल्या. मुठीचा सांगाडा त्या दुरुस्तीचाच, मला विसाव्या शतकाचा पूर्वार्ध वाटतो. चामडे १९७५ ते १९८१ मधले.

हा अंदाज पक्का करायचा असेल तर मूठ उघडू नका. आपल्या दख्खनी मुठीसारखी ती लाखेवर बसवलेली नाही. चामडे फाडल्याशिवाय आत जाता येत नाही आणि परत तसे शिवता येत नाही. त्यापेक्षा एक्स-रे काढा. दवाखान्यात तलवार घेऊन जाण्यापेक्षा भोसरी, चाकणकडे वेल्डिंगचे जोड तपासणारे रेडिओग्राफीवाले गाठा, त्यांना लोखंडाच्या आतले बघायची सवय असते. मूठ बाजूने आणि समोरून अशा दोन फिल्म मागा. पट्ट्यांखाली मूळ शेपटीचा किती तुकडा उरला आहे आणि तिथे काही छाप आहे का, ते मला पाठवा.

आणि तोवर पितळेला चिंच-मीठ लावू नका, पात्याला पॉलिशपेपर लावू नका, चामड्याला खोबरेल तर मुळीच नको. वर्षभर भिंतीवर टांगली असेल तर खाली काढा, म्यानातून पाते बाहेर काढून सुती कापडात वेगळे ठेवा. पावसाळ्यात म्यानाचे चामडे ओल धरते आणि गंज तिथूनच सुरू होतो. तुमच्या नवव्या फोटोत टोकापाशी जो नारिंगी ठिपका दिसतो, तो ताजा आहे.